मत्तय १०:१९ आणि संदेशाची तयारी

प्रश्न (कसबा बावडा, कोल्हापूर)
प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. माझे बालपण प्रेस्बिटेरियन मंडळीत गेले, जिथे पाळकसाहेब संदेश लिहून आणत. आता आम्ही एका घरी भरणाऱ्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) संगतीत जातो आणि येत्या रविवारी प्रेषितांची कृत्ये ८ मधील शोमरोनावर (समारिया प्रांतावर) बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी टिपणे काढतो हे कळताच एका वडीलबंधूंनी काय बोलावे याची काळजी न करण्याविषयीचे मत्तय १०:१९ दाखवले. अभ्यास करणे म्हणजे पवित्र आत्म्यावर अविश्वास दाखवणे होते काय?

उत्तर १
ते वचन दोन ओळी आधीपासून वाचावे. शिष्यांना धरून न्यायसभेच्या हाती देतील, देशाधिकारी व राजे यांच्यापुढे उभे करतील, त्या घडीसाठी ते अभिवचन आहे. आठवडाभर सवड असलेल्या उपदेशकासाठी नव्हे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली, म्हणजे पेंटेकॉस्टल चळवळीला चालना देणाऱ्या अमेरिकेतील अझुसा स्ट्रीटच्या सभांच्याही आदल्या वर्षी, संजीवन (आध्यात्मिक जागृती) झाले, आणि तेथल्याच पंडिता रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून १९२२ मधील मृत्यूपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतरासाठी राबत राहिल्या. म्हणजे आत्म्याचे कार्य आणि अभ्यास एकमेकांच्या आड येत नाहीत.

उत्तर २
खरी अडचण पुढे आहे: बाप्तिस्मा आणि आत्मा मिळणे यांचा क्रम कोणता? शोमरोनात बाप्तिस्म्यानंतर हात ठेवल्यावर आत्मा मिळाला, कर्नेल्याच्या घरी (अध्याय १०) तो बाप्तिस्म्याआधीच उतरला, तर इफिसात (अध्याय १९) बाप्तिस्मा, मग हात ठेवणे, मग अन्य भाषांत बोलणे असा क्रम आहे. तेव्हा एकाच अध्यायातून क्रमाचा नियम काढू नये. घटना घडली एवढ्यावरून ती नियम होत नाही, लेखकाचा हेतू पाहावा, असे गॉर्डन फी या पेंटेकॉस्टल अभ्यासकांनी बजावले होते. उलट कृत्यांचा लेखक लूक इतिहासकाराइतकाच ईश्वरपरिज्ञानीही (धर्मशिकवण मांडणाराही) आहे, त्याच्या वृत्तांतातून शिकवण घेता येते, असे दुसरे पेंटेकॉस्टल अभ्यासक रॉजर स्ट्रॉन्स्टड यांचे म्हणणे. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण फींचा प्रश्न टाळून नव्हे.

उत्तर ३
मी उपदेशक नाही, संडेस्कूल घेते. तरी एक सुचवते. लूक ९:५४ मध्ये शोमरोन्यांच्या गावावर आकाशातून अग्नी पडावा अशी इच्छा धरणाऱ्या दोघांत योहान होता. कृत्ये ८ मध्ये तोच योहान पेत्राबरोबर येऊन त्याच लोकांसाठी प्रार्थना करतो. दोन्ही ग्रंथ लूकचेच आहेत.

प्रश्नकर्ता
लूक ९ माझ्या ध्यानातच आले नव्हते. संदेशाची सुरुवात तिथूनच करीन, आणि टिपणे शनिवारी वडीलबंधूंना दाखवून त्यांनाच प्रार्थना करायला सांगेन.