कांदेनवमीला एअर फ्रायरमध्ये अनियन रिंग्ज करायच्यात, कुरकुरीत कशा होतील?

रानजाई
नमस्कार मंडळी, दोन दिवसांवर कांदेनवमी आलीय आणि आमच्याकडे त्या दिवशी भज्यांचा मोठा घाणा असतो, कारण एकादशीपासून सासूबाईंचा चातुर्मास सुरू होतो आणि मग चार महिने घरात कांदा-लसूण शिजत नाही. यंदा अडचण अशी की सासऱ्यांना डॉक्टरांनी तळलेलं पूर्ण बंद केलंय. आम्ही सगळ्यांनी भजी खायची आणि त्यांनी नुसतं बघत बसायचं हे मला पटत नाही. घरात एअर फ्रायर आहे, ४ लिटरचा, खाली जाळी असलेला, आणि मुलं कधीपासून अनियन रिंग्ज मागतायत, तर म्हटलं सगळ्यांसाठी त्याच कराव्यात. पण भज्यांसारखं पीठ केलं तर ते जाळीतून खाली गळेल ना? व्हिडिओत सगळे अंड्यात बुडवतात, आमच्याकडे अंडं चालत नाही. कांदा कुठला घेऊ, किती जाड कापू, टेंपरेचर किती ठेवू आणि सोबत सॉस कुठला, सगळंच सांगा प्लीज. सहा माणसं आहोत.

खरपूस
पातळ पीठ गळणारच, बरोबर ओळखलंत. कढईत तेल १७०-१८० डिग्रीला असतं, भजं सोडलं की चहूबाजूंनी तेल भिडतं आणि पीठ जागच्या जागी धरतं. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हनच, गरम हवा तेलाइतक्या झटपट उष्णता देत नाही, त्यामुळे पीठ धरायच्या आत ओघळतं आणि उरलेलं पांढरंफटक, चिवट होतं. म्हणून सगळ्यात बाहेरचा थर कोरडा हवा, म्हणजे ब्रेडक्रम्स.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. क्रम्स आधी तव्यावर तेलात परतून घ्या. दीड वाटी क्रम्सना २ टेबलस्पून तेल, मंद आचेवर हलवत राहायचं, फिका बदामी रंग आला की लगेच ताटात काढायचे, तव्यावर ठेवले तर तिथेच करपतात. असं केलं की रंग आणि कुरकुरीतपणाचं निम्मं काम आधीच झालेलं असतं, फ्रायरमध्ये फक्त कांदा शिजायचा राहतो. कच्चे क्रम्स लावून वरून तेल फवारलं तर डाग डाग पडतात, कुठे लाल कुठे पांढरं. मीठ, तिखट, थोडा ओवा हे सगळं क्रम्समध्येच घाला, कांद्याला मीठ लावायचं नाही, पाणी सुटतं आणि सगळा थर गळून येतो.

अंड्याऐवजी अर्धी वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोर, चिमूटभर हळद आणि थंड पाणी. भज्यांच्या पिठाहून जरा सैल पण चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतपत दाट. मोठ्या दोन कांद्यांना पुरतं, सहा जणांना चार-पाच कांदे लागतील तर त्या हिशोबाने वाढवा. क्रम वगैरे असा: कांद्याची रिंग कोरड्या मैद्यात घोळवायची, झटकायची, पिठात बुडवायची, जास्तीचं निथळू द्यायचं, मग क्रम्समध्ये दाबून. एक हात कोरड्याला आणि एक ओल्याला ठेवा, नाहीतर बोटांवरच गोळे होतात.

कांद्याच्या चकत्या अर्धा इंच जाड. रिंग सुटी केली की आतल्या बाजूला एक पारदर्शक पातळ पापुद्रा असतो, नखाने टोक धरलं की सबंध निघतो. तो काढाच, त्यावर पीठ टिकत नाही, पहिल्या घासाला कांदा बाहेर आणि कवच हातात असं होतं ते त्यामुळेच.

फ्रायर १९० ला पाच मिनिटं तापवून घ्या, रिंग्ज एकमेकींवर न टाकता एकाच थरात, ८ ते १० मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. ४ लिटरमध्ये एका वेळी थोड्याच मावतात, लहान रिंग मोठीच्या आत बसवली तर चालते पण चिकटायला नको. झाल्या की ताटात ढीग करू नका, जाळीवर काढा, खालून वाफ धरली की सगळ्या मऊ पडतात. सगळे घाणे झाले की शेवटी एकत्र २०० ला दोन मिनिटं, तेव्हा ढीग असला तरी चालतो.

गोदाकाठ
कांद्याबद्दल मी बोलतो, आमचं घर निफाडचं. आषाढात बाजारात जो असतो तो गावठी, उन्हाळ कांदा, चैत्र-वैशाखात काढलेला आणि चाळीत साठवलेला. रिंग्जना हाच पाहिजे. दिवाळीच्या आसपास जो लाल कांदा येतो त्यात पाणी जास्त, टिकायलाही तो नाजूक, त्याच्या रिंग्ज फ्रायरमध्ये लवकर मऊ पडतात. घेताना मान बारीक आणि वाळलेली बघा, जाड मानेचा किंवा कोंब डोकावणारा घेऊ नका, मधे हिरवा दांडा निघतो आणि रिंग सबंध येत नाही. अंगठ्याने मानेजवळ दाबून बघा, पावसाळ्यात आतून सडलेला असेल तर तिथेच मऊ लागतो. आकार मोठा आणि गोल घ्या, चपटा नको.

अलिबागचा पांढरा कांदा कुणी सुचवेल, गोड असतो आणि कच्चा खायला त्याला तोड नाही, पण तो आकाराने लहान, त्याची रिंग होते अंगठीएवढी. तो माळेतच राहू द्या.

उन्हाळ कांदा तिखट असतो, मुलांना झणझणीत लागेल असं वाटलं तर चकत्या बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग फडक्यावर पसरून एकदम कोरड्या करा. कोरडं करायचा कंटाळा असेल तर भिजवूच नका.

अटलांटाकर
इकडे जॉर्जियात विडालिया म्हणून गोड कांदा मिळतो, तिथल्या जमिनीत गंधक कमी असतं म्हणून कांद्याला तिखटपणा कमी, आणि इथले लोक रिंग्ज आधी बटरमिल्कमध्ये बुडवतात. इथलं बटरमिल्क दाट असतं, आपलं पातळ ताक तसं वापरू नका, त्यापेक्षा दोन चमचे दही पिठात फेटून घाला, आंबटपणा येतो आणि चिकटतंही छान. क्रम्स पांको मिळाले तर बघा, मोठे आणि खडबडीत असतात. नाही मिळाले तर पावाच्या स्लाइस एक दिवस उघड्या वाळवून मिक्सरला अगदी एक-दोन फेरे, पीठ होऊ द्यायचं नाही. चहाबरोबरचे टोस्ट कुटून घालू नका, त्यात साखर असते, आत कांदा कच्चा असतानाच ते काळे पडतात. रवाही नको, बोंबलाला कढईत छान लागतो कारण खाली तेल असतं, इथे दाताखाली कचकच येते.

आणि बेकिंग पेपर ठेवणार असाल तर फ्रायर तापवताना नुसता कागद आत ठेवू नका, पंख्याने उडून वरच्या कॉइलला लागला तर जळतो. तेलासाठी बाजारातले डब्यातले स्प्रे टाळा, त्याने बास्केटचं कोटिंग चिकट होऊन खराब होतं, साध्या ब्रशने जाळीला हात फिरवा.

चिंचगूळ
सॉसचं मी सांगते. मेयोनीज-केचपच्या भानगडीत पडू नका, सासऱ्यांचं तळण बंद करून त्यांना वाटीभर मेयोनीज द्यायचं म्हणजे तेल मागच्या दाराने आलंच. डेअरीतून पाव किलो चक्का आणा. चमच्याने गुळगुळीत फेटा, तीन-चार चमचे दूध, दोन लसूणपाकळ्या ठेचून, भरडलेली मिरी, मीठ, किंचित साखर, आणि वरून पुदिना बारीक चिरून. लसूण घातल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मुरतो. चक्का आंबट निघाला तर साखर जरा वाढवा.

दुसरा प्रकार आमच्या घरचा लाडका, त्याच चक्क्यात दोन चमचे मेतकूट, आणि वरून अगदी चमचाभर तेलाची हिंग-मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी. ओव्याच्या रिंग्जबरोबर हा जास्त जमतो असं माझं मत. मुलांना लाल हवंच असेल तर त्यातलाच थोडा चक्का काढून शेजवान चटणी मिसळा.

पाटावरवंटा
रिंग्ज जरूर करा पण कांदेनवमीला रिंग्जवरच थांबू नका. मोठ्या कांद्याचे आतले गड्डे रिंग्जना चालत नाहीत, बरेच उरतात. ते बारीक चिरून भाजणीत घाला आणि थालीपिठं लावा, तव्यावर भोकांत चार थेंब तेल, झाकण, बस. आजोबांना तेही चालेल आणि कांदेनवमी झाल्यासारखी वाटेल. एअर फ्रायरमध्ये थालीपीठ लावायला जाऊ नका, वाळून कडक होतं.

रानजाई
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. मेतकुटाचं डोक्यातच आलं नसतं, आणि गड्ड्यांची थालिपिठं तर नक्कीच. @खरपूस, एकच विचारते, नवमीला सकाळी ऑफिस आहे, रात्रीच रिंग्ज घोळवून फ्रिजमध्ये ठेवल्या तर चालतील का?

खरपूस
रात्रभर नको, कांद्याला पाणी सुटून क्रम्स आतून ओले होतात. रात्री क्रम्स परतून डब्यात भरा, चक्क्याचं डिप करून ठेवा, कांदा चिरून पापुद्रे काढून कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, वास फ्रिजभर होईल तर झाकण घट्ट लावा. संध्याकाळी आल्यावर घोळवा आणि ताटात मांडून अर्धा तास फ्रिजमध्ये, एवढा वेळ उलट चांगला, थर पक्का बसतो. पहिला घाणा दोन-तीन रिंग्जचाच लावून बघा, प्रत्येक फ्रायर थोडा वेगळा तापतो. आठ मिनिटांनी एक मोडून कांदा मऊ झालाय का बघायचं, नसेल आणि बाहेरून रंग पूर्ण आला असेल तर पुढचे घाणे १८० वर लावा.