क्रेडिट कार्डची केस टाकलीये, सेटलमेंट कशी करायची?

नोकरी गेल्यापासून भावाचं कार्डचं १ लाख ८० हजार थकलंय, आता बँकेने दावा टाकला, समन्स आलंय. रिकव्हरी एजंट म्हणतो आजच ९० हजार भरा, मिटवून टाकतो. भरू का? घरात कोणाला झोप नाही.

उत्तर १:
आज एक रुपया देऊ नका. फोनवरचा शब्द कोर्टात चालत नाही. बँकेच्या लेटरहेडवर लेटर घ्या, त्यात रक्कम, हप्ते, शेवटची तारीख आणि दावा मागे घेणार हे स्पष्ट पाहिजे, पैसे थेट कार्ड अकाउंटलाच भरा. आणि बोलणी चालू आहेत म्हणून कोर्टाची तारीख चुकवू नका हो, एकतर्फी हुकूम होतो. ऑर्डर ३७ खालची समरी सूट (दिवाणी कायद्यातला झटपट निकालाचा दावा) असेल तर १० दिवसांत हजेरी लावावी लागते.

उत्तर २:
माझं लोकअदालतीत मिटलं. तिथे मिटलं की बँकेला कोर्ट फी परत मिळते म्हणून बँकापण जरा नमतात. पण तिथला निवाडा म्हणजे हुकूमनामाच, अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. मी घाईत ३ हप्ते म्हणालो आणि दुसऱ्यालाच बायकोच्या बांगड्या मोडाव्या लागल्या, अजून मनाला लागतं ते.

उत्तर ३:
शेवटचा भरणा कधीचा ते आधी बघा, दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते. सिबिलला (कर्जफेडीच्या रेकॉर्डला) ‘सेटल्ड’ असा शेरा लागेल, पुढे लोन घ्यायला त्रास होतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

प्रश्नकर्ता:
उद्याच जातो भावाला घेऊन. एजंटला ‘नाही’ म्हणून सांगितलं.