मिग-२९के खाली अमेरिकी डेक चालतो का?

पैठणगेट
नौदलाच्या मिग-२९के लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल मांडायला अमेरिकी विमानवाहू जहाजाच्या डेकचा (विमानं उतरतात त्या सपाट छताचा) बेस चालतो का? माझं मत सरळ आहे: चालतो. बाजारात मिळणारे छापील डेक-बेस बहुतेक अमेरिकी जहाजांचे असतात, तेच घ्या आणि वेळ विमानावर घालवा. बेस म्हणजे पाट. पाटावर बसलेल्याकडे बघायचं असतं, पाटाच्या नक्षीकडे नाही. १/७२ प्रमाणातलं (खऱ्याच्या ७२ पट लहान) मिग-२९के साधारण २४० मिमी लांब आणि पंख उघडे ठेवले तर १६७ मिमी रुंद, म्हणजे ए-४ आकारात मावतं. १/४८ ला ए-३ लागेल. १२ मिमी एमडीएफच्या फळीवर डेक छापलेलं व्हिनाइल चिकटवा, काम संपलं. हाताने डेक घडवण्यात जो महिना जातो त्यात दुसरं विमान होतं.

उदगीरकर
पाट म्हणा, पण त्या पाटावर कॅटापल्टची, म्हणजे विमानाला जोराने पुढे ओढून उडवणाऱ्या यंत्राची, खाच दाखवलेली आहे, तिचं काय? आपल्या विमानवाहू नौका विक्रमादित्य (२०१३) आणि नवी विक्रांत (२०२२), दोन्हींवर कॅटापल्ट नाहीच. मिग स्वतःच्या जोरावर धावतं आणि स्की-जंपवरून, म्हणजे डेकच्या टोकाच्या चढावरून, उठतं. त्याच्या नाकाखालून कॅटापल्टचा रूळ जाताना दाखवणं म्हणजे एसटीच्या लाल गाडीखाली रेल्वेचे रूळ टाकणं.

निवृत्त झालेल्या विराट नौकेवरच्या सी हॅरिअर विमानाचंही तेच. ते उभं उतरायचं, त्यामुळे मागे अरेस्टरच्या (उतरणारं विमान अडवणाऱ्या) तारा दिसल्या की जाणकार तिथेच थांबतो. कॅटापल्ट हवाच असेल तर जुन्या विक्रांतवरचं सी हॉक विमान करा. तिथे बाष्पाचा एकच कॅटापल्ट होता, पुढच्या टोकाकडे. पण तिथेही साल बघा: ८०च्या दशकाच्या अखेरीस तो काढून स्की-जंप बसवला. म्हणजे १९७१ चं सी हॉक आणि ९०च्या दशकातलं सी हॅरिअर, जहाज एकच असलं तरी डेक एक नाही.

पैठणगेट
मान्य. मग छापील डेकचा खाच नसलेला कोपरा वापरा. किंवा स्वतः संगणकावर आखून वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्याकडून काढून घ्या, असं दुकान नाही असं गाव मराठवाड्यात दाखवा. फक्त फ्लेक्सचं कापड घेऊ नका, त्याची वीण १/७२ ला पोत्यासारखी दिसते. व्हिनाइल सांगा, वर मॅट लॅमिनेशन. रंग शुद्ध काळा देऊ नका. ७०-७५ टक्के काळा दिला की डेक दिसतो, शंभर टक्के दिला की पाटीचा फळा.

गोदाकाठ
छापील डेकची खरी गोची सावलीची आहे. विमान साखळ्यांनी बांधायच्या डेकमधल्या वाट्या (खळगे) छापताना त्यांची सावलीही छापली जाते, समजा डावीकडे. तुमच्या खोलीतला दिवा विमानाची सावली टाकतो उजवीकडे. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. स्वतः आखणार असाल तर सावली आखूच नका, वाट्या भोकं पाडून करा.

आणि व्हिनाइल बसवताना साबणाच्या पाण्याची युक्ती अॅक्रिलिकवरच चालते. एमडीएफवर पाणी लागलं की पृष्ठभाग फुगतो. तिथे कोरडंच, एका कडेपासून पुसत न्यायचं, फुगा राहिला तर टाचणीने टोचायचा.

उदगीरकर
पोताबद्दल कोणी बोलतच नाही! डेकवरचा घसरणरोधक थर खडबडीत असतो, व्हिनाइल गुळगुळीत. पॉलिश पेपर वापरा, पण नंबर हिशेबाने घ्या. पी-१२० च्या दाण्याचा सरासरी व्यास सुमारे १२५ मायक्रॉन. ७२ ने गुणा, ९ मिमी होतो. ही खडी झाली, डेक नव्हे. पी-६०० चा दाणा २६ मायक्रॉन, म्हणजे १/७२ ला जेमतेम २ मिमी. १/४८ ला पी-४०० घ्या, ३५ मायक्रॉन, तिथे १.७ मिमी पडतो. पाण्याचा काळा पेपर घेतला तर रंगही निम्मा आयताच मिळतो.

कातरकाम_परभणी
हिशेब बरोबर, पण पुढचं सांगितलं नाही तुम्ही. पेपरचा ताव २३० × २८० मिमी. एवढ्यात १/७२ चं मिग कसंबसं बसतं, १/४८ ला जोड येणारच. तो जोड डेकवरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या रेषेखाली लपवायचा. आणि पट्टे मारताना मास्किंग टेप खरखरीत पृष्ठभागावर घट्ट बसत नाही, पांढरा रंग खालून झिरपतो. टेप लावल्यावर आधी तिच्या कडेवर डेकचाच करडा रंग किंवा पारदर्शक वार्निश मारा. जे झिरपायचं ते तेच झिरपेल. ते सुकलं की पांढरा.

मी स्वतः पॉलिश पेपरच्या बाजूचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांत स्प्रे कॅनचा रंग हवेतच सुकतो आणि विमानावर पीठ पडल्यासारखा बसतो. सगळे याच्या नावाने बोटं मोडतात. डेकला नेमकं तेच हवंय की! करडा प्रायमर नेहमीच्या २०-२५ सेंमीऐवजी ४०-४५ सेंमीवरून, तीन हलके हात. सुकल्यावर जुन्या टूथब्रशने सैल भुकटी झाडा, मग मॅट वार्निश. वार्निशआधी टेप लावलीत तर टेपेबरोबर पोतही निघून येईल. आणि हे वार्निश जुलैत मारू नका. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी साय धरते.

पैठणगेट
म्हणजे बेससाठी ऋतू बघायचे, तिथी तेवढी राहिली. एवढं करून एमडीएफ वाकलं तर?

गोदाकाठ
वाकतं ते एकाच बाजूला रंग दिल्यामुळे. वरची बाजू बंद, खालची उघडी. पावसाळ्यात खालची ओल पिते, फुगते आणि कडा वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात उलटं. दोन्ही बाजू आणि चारही कडांना सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या, कडांना तिसरा, कारण त्या जास्त पितात. पेपर चिकटवायला पाण्याचा पांढरा डिंक पातळ करून फासू नका.

उदगीरकर
विमान डेकला बांधायच्या साखळ्यांसाठी सोपा उपाय: पंख्याच्या मोटारी भरणाऱ्याकडे ४० गेजची तांब्याची तार मिळते, जाडी ०.१२ मिमी. दोन पदर घट्ट पिळले की १/७२ ला साखळीचा भास होतो. अरेस्टर तार मात्र जाड असते, १/७२ ला साधारण अर्धा मिमी धरा, आणि डेकपासून किंचित उचललेली ठेवा, चिकटलेली नको.

साखळ्या बांधलेलं विमान स्की-जंपच्या चढावर ठेवू नका. तिथे कोणी विमान उभं करून ठेवत नाही. चढावर विमान म्हणजे उड्डाण; मग पंखांचे फ्लॅप खाली, आत वैमानिक आणि त्याच्यावरची काच (कॅनोपी) बंद हवी.

पैठणगेट
ठीक, खाच काढली, सावली काढली. पण दाण्याचं नाही पटत. हातभर अंतरावरून २६ मायक्रॉन कोणाला दिसतात?

कातरकाम_परभणी
दाणा दिसत नाही, चमक दिसते. दिवा तिरपा पडला की मॅट लॅमिनेशनही एकसारखं उजळतं, खरखरीत डेक उजळत नाही. विमान न ठेवता दोन्ही तुकडे खिडकीजवळ आडवे धरून बघा.

पैठणगेट
बघतो. पंख मात्र दुमडलेलेच ठेवणार, रुंदी १०८ मिमीवर येते, पी-६०० चा एकच ताव पुरेल.