गोर्बल्स, ग्लासगो: युद्धानंतरच्या पुनर्विकासाचं नेमकं काय बिघडलं?

वास्तुवेडा:
गोर्बल्सवर सेमिनार आहे. दगडी वस्ती पाडून टॉवर बांधले, मग टॉवरही पाडले, एवढंच सगळीकडे मिळतं. जुन्या इमारती खरंच राहण्यालायक नव्हत्या का? आणि नव्या इतक्या लवकर का गेल्या? तांत्रिक कारणं हवीत, 'माणुसकी हरवली' छापाची नकोत.

आडवा_बीम:
जुन्या टेनेमेंटचा, म्हणजे सामाईक जिन्याच्या भाड्याच्या दगडी इमारतींचा, सांगाडा दणकट होता. बहुतेक चार मजली, वालुकाश्माच्या जाड भिंती. दुखणं आत होतं: एका किंवा दोन खोल्यांत अख्खं कुटुंब, आणि संडास जिन्यावर, दोन-तीन बिऱ्हाडांत एक. ग्लासगोच्याच गोव्हन भागात मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने गाजलेल्या 1915 च्या भाडे-संपानंतर भाडी कायद्याने गोठली. भाडेकरू वाचले, पण मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

1957 च्या पुनर्विकास योजनेतला आकडा जरूर घ्या. हचिसनटाउन आणि लगतच्या गोर्बल्सची सुमारे 26,000 वस्ती 10,000 च्या आसपास आणायची होती. निम्म्याहून जास्त लोक ईस्ट किलब्राइड, कॅसलमिल्कसारख्या बाहेरच्या नव्या वसाहतींत जाणार, हे आराखड्यातच गृहीत होतं.

भिंतबोले:
टॉवरची कहाणी आणि ओलीमुळे बिघडलेल्या इमारतींची कहाणी यांची सरमिसळ करू नका. वास्तुरचनाकार बेसिल स्पेन्सचं क्वीन एलिझाबेथ स्क्वेअर 20 मजली. 1965 ला पूर्ण, 1993 ला सुरुंग लावून पाडलं. ओलीसाठी कुप्रसिद्ध झाल्या त्या हचिसनटाउन ई (पुनर्विकासाचा एक टप्पा) मधल्या सात मजली इमारती, त्राकोबा नावाच्या फ्रेंच प्रीकास्ट (आधीच ओतलेले काँक्रीटचे भाग जोडायच्या) पद्धतीच्या.

तिथे झालं असं: काँक्रीटचे पॅनल बाहेरच्या थंडीने गार पडतात. स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ त्यांवर पाणी होऊन बसते, आधी कोपऱ्यात आणि कपाटामागे, कारण तिथे हवा खेळत नाही. मग काळी बुरशी. जुन्या घरात कोळशाची शेगडी आणि धुराडं दमट हवा सतत बाहेर ओढत होतं; इथे धुराडंच नाही. त्यात विजेचं हीटिंग महाग, म्हणून लोक एकच खोली तापवणार आणि वाफ शेजारच्या गार खोलीत जाऊन बसणार. पालिकेचं उत्तर: खिडक्या उघडा, हीटिंग वाढवा. रहिवाशांनी ओलविरोधी मोहीम काढली, भाडं अडवलं. 1987 ला त्या इमारती पाडल्या. असल्या भिंतीला आतून बुरशीनाशक रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. बाहेरून इन्सुलेशन, परवडणारं हीटिंग आणि हवा काढायची सोय, तिन्ही एकदम लागतात.

वास्तुवेडा:
मग टेनेमेंट दुरुस्त करता आल्या असत्या?

आडवा_बीम:
गोव्हनमध्ये केल्याच. 1970 च्या दशकात 'असिस्ट' या वास्तुरचनाकारांच्या गटाने टारन्से स्ट्रीटवर दाखवून दिलं. या घरांत पलंगासाठी भिंतीत कोनाडा असतो, त्यातच बाथरूम बसवायची. कोनाडे मजल्यागणिक एकावर एक येतात, म्हणून सांडपाण्याचा एकच उभा पाइप तळापर्यंत नेता येतो. मेख एवढीच की मधल्या एकाने नकार दिला तर पाइप अडतो. म्हणून अख्ख्या जिन्याची संमती आधी. फार लहान घरं असतील तर दोनांचं एक करायचं. पैशांचा मार्ग 1974 च्या गृहनिर्माण कायद्यातल्या अनुदानांनी मोकळा झाला, पण तोवर गोर्बल्समध्ये दुरुस्त करण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं.

भिंतबोले:
क्राउन स्ट्रीटचा नंतरचा पुनर्विकास सेमिनारमध्ये घ्याच. हचिसनटाउन ई च्याच जागेवर 1990 च्या दशकात वास्तुरचनाकार पियर्स गॉफ यांच्या आराखड्याने पुन्हा चार मजली टेनेमेंटच बांधल्या. खालच्या दोन मजल्यांत रस्त्यावर स्वतंत्र दार असलेली दुमजली घरं, वरच्या फ्लॅटना सामाईक जिना.