‘मैत्रीपूर्ण लढत’ म्हणजे नेमकं काय हो?

देवगडकर: आमच्या एका घरात दोन झेंडे. बाबा एका पक्षाचे, काका दुसऱ्या. वर युती झाली की दोघं एकाच रिक्षातून प्रचाराला, तुटली की पडवीत अबोला. परवा वाडीत नेते म्हणाले, ‘युतीधर्म पाळू, पण इथे मैत्रीपूर्ण लढत.’ म्हणजे युतीतलेच दोन पक्ष एका जागेवर समोरासमोर. काकांनी अडकित्ता खालीच ठेवला. ही भाषा असते कोणासाठी?

खाडीकाठचा: आपल्याचसाठी. २०१४ आठवा. सप्टेंबरात २५ वर्षांची युती तुटली, प्रचारात एकमेकांचे वाभाडे काढले, डिसेंबरात शिवसेना भाजपच्या सरकारात. आम्ही मात्र बाजारात तोंडं फिरवून चालत होतो.

रापणकार: जागावाटप म्हणजे रापणीचे, सगळ्यांनी मिळून किनाऱ्यार ओढलेल्या जाळ्यातल्या माशांचे, वाटेच रे. फरक इतकोच, रापणीत वाटे सगळ्यांसमोर वाळूत पडतत.

राजापूरवाली: सगळीच तडजोड लबाडीची नसते हं. १९७७ला समाजवादी नि जनसंघ जनता पक्षात एकत्र आले, आपले राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या. १९७९त जनता पक्ष नि रा. स्व. संघ अशा दुहेरी सदस्यत्वावरून फाटलं, ते वेगळं.

देवगडकर: काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, ‘गादी आठवते. पण मैत्रीपूर्ण लढतीत पत्रकं कोणाची वाटू ते विचार.’