सायटॉलॉजीसाठी (लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॅन्सर शोधायची तपासणी) लघवीचा नमुना गावातून नागपूरला पाठवायचाय, मदत हवी आहे

रुग्ण साठीचे, बिडी जुनी. न दुखता लघवीतून रक्त, सोनोग्राफीत मूत्राशयात 2 सेंमीची गाठ. दुर्बिणीची तारीख लागेपर्यंत सायटॉलॉजी सांगितली आहे. सकाळची पहिली लघवी घेत नाही, रात्रभर साचून पेशी खराब होतात. नंतरची, तीन दिवस, दरवेळी 50 मिली ताजी घेतोय. घोडं अडलंय पुढं: आर्वीहून एसटीनं लॅबपर्यंत 4-5 तास, अन् वर मे महिन्याचं ऊन. थर्मासात बर्फाच्या पिशव्या लावून पाठवावं, की लघवीइतकंच 50 टक्के अल्कोहोल मिसळून? नागपूरच्या लॅबवाल्यांना काय चालतं? रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी दुर्बीण होणारच, लो-ग्रेड (कमी आक्रमक) गाठ सायटॉलॉजीत बरेचदा निसटते. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात स्नायूचा थर आलाच पाहिजे, नाहीतर गाठ किती खोल गेली ते कळत नाही. महात्मा फुले योजनेत हे बसतं का, तेही कोणी सांगा जी.