मदत हवी आहे: पहिल्या सत्राच्या अरबीची श्रवण चाचणी कशी घ्यावी?

नमस्कार. विद्यापीठात अरबीच्या पहिल्या सत्राला शिकवते. मुलं बहुतेक मराठी माध्यमातली, मनापासून मेहनत करणारी. २८ अक्षरं, त्यातली पुढच्या अक्षराला न जुळणारी ६, लेखी परीक्षेत सगळं नीट येतं. अडतं ते ऐकताना. 'क़ल्ब' म्हणजे हृदय, 'कल्ब' म्हणजे कुत्रा. घशातून येणारा क़ आपल्या कानाला साधा क वाटतो. 'सैफ' तर नुसत्या सकाराच्या फरकाने तलवार किंवा उन्हाळा! शब्द वाक्यात घातला की मुलं अर्थावरून ओळखतात, मग कानाची परीक्षा होतच नाही. सुटे शब्द दिले तर अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर येतात.

कोणी अशी चाचणी घेतली आहे का? आणि नवख्यांचे उच्चारासाठी गुण कापता का? माझ्या ते फार जिवावर येतं.